बारा बाय दहाची खोली

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा शेळीवाला राहत होता. भोळा होता, पण आळशी नव्हता. विसराळू तर मुळीच नव्हता. सांगितलेल्यातलं एक अक्षर तो खाली पडू द्यायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

त्याची बायको चांगुणा मात्र शहाणी. गावातले लोक म्हणायचे, देवानं या घराला दोन माणसांपुरती अक्कल दिली खरी, पण वाटणी करायला तो विसरला.

त्यांची एकुलती एक लेक शेवंता डोंगरापलीकडच्या गावात दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून चांगुणा तिला आणायला गेली, तर विहीणबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या.

"तुमच्या घरातली जमीन ओल धरती. पोतं टाकलं तर पोतं भिजतं. माझी सून त्या गारठ्यात बाळंत होणार न्हाई. खाली फरशी घाला. मी माझ्या डोळ्यानं बघीन, मग ठेवीन."

चांगुणा खाली मान घालून परत फिरली. बोलायला जागा नव्हती. पोतं खरंच भिजायचं.

घरी आल्या आल्या तिनं गेनबाला बसवून सांगितलं, "उद्या बाजाराच्या गावाला जावा. माणिकशेठच्या वखारीत फरशी सांगून या. आणि जाताना घराचं माप घेऊन जावा. शेठ पहिलं तेच इचारंल."

गेनबा तांबडं फुटायला उठला. फळीवरचं जोंधळे मोजायचं पितळी माप काढलं, राखेनं घासून लख्ख केलं, धुतल्या पंच्यात बांधलं आणि निघाला.

माणिकशेठ वखारीच्या दारात बसले होते.

"फरशी पाहिजे," गेनबा म्हणाला.

"देऊ की. माप आणलंय का?"

"आणलंय." गेनबानं पंचा सोडून माप त्यांच्यापुढं ठेवलं.

शेठनं आत डोकावून पाहिलं. आत काही नव्हतं.

"हे काय?"

"घराचं माप. आज्याच्या वेळेपासनं हेच हाय."

माणिकशेठ सोशिक माणूस. सगळा जन्म दगड विकण्यात गेला होता. ते म्हणाले, "अहो गेनबा, हे माप नव्हे. दोरी घ्यायची. एक टोक या भिंतीला, दुसरं टोक त्या भिंतीला. दोघांनी ताणून धरायची. जरा सैल सोडली की माप गेलं म्हणून समजा."

"सैल सोडायची न्हाई," गेनबानं घोकलं. आणि माप परत पंच्यात बांधून तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या रंगनाथला हाक मारली. रंगनाथला जन्मात कधी कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. दोघांनी शेळीचं दावं घेतलं. एक या भिंतीशी उभा राहिला, एक त्या भिंतीशी. दोरी ताणली.

"झालं माप," रंगनाथ म्हणाला. "आता?"

"आता शेठकडं. सैल सोडू नकोस."

एकामागं एक दोघं दारातून बाहेर पडले. दोरी ताणलेली. गल्लीतून निघाले, दोरी ताणलेली. वळणावर एकाला बांधाखाली उतरावं लागलं, पण दोरी ताणलेली. एसटीत गेनबा चालकाच्या पाठीशी उभा राहिला आणि रंगनाथ मागं, जिथवर दोरी पोचली तिथं. मधल्या माणसांच्या डोक्यांवरून दोरी गेली. एका गृहस्थानं तिच्यावर पिशवी अडकवली. एका बाईनं पोराचं ओलं झबलं वाळत घातलं.

वाहक तिच्याखालून वाकून आला. "हे काय आहे?"

"खोलीची लांबी," गेनबा म्हणाला.

"तिचं तिकीट?"

"ती कुठं बसलीया? वरनं चाललीया."

 वाहकानं दोघांची तिकिटं फाडली आणि परत वाकून गेला.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. दोरी बाजारातून गेली. वांग्यांची पाटी कलली, दोन टोप्या उडाल्या, एका म्हातारबांनी दोरीला हात लावून नमस्कार केला, कारण त्यांना वाटलं कुठल्या तरी देवाची काठी मागून येते आहे. वखारीशी पोचेपर्यंत दोघांच्या मागं बरीच माणसं जमली होती.

माणिकशेठनी डोळे चोळले. मग आपला टेप काढून त्यांनी दोरी मोजली. "बारा फूट. आणि रुंदी?"

गेनबानं रंगनाथकडं पाहिलं. रंगनाथनं गेनबाकडं पाहिलं.

"ती घरीच हाय," गेनबा म्हणाला. "दोघांत एकच दोरी धरता येती."

"बरं. आता सोडा दोरी."

"सोडू? माप जाईल की."

"मी घेतलंय. सोडा."

दोघांनी दोरी सोडली. रंगनाथची बोटं काही लगेच उघडेनात. शेठ म्हणाले, "गेनबा, आता तुम्ही काही करू नका. तुमच्या गावात दस्तगीर मिस्त्री आहे. त्याला खोली दाखवा. तो सांगेल तसं करा."

"तो सांगंल तसं," गेनबा म्हणाला.

दस्तगीर मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन गेला. हातात कामं फार, म्हणून घाईत होता. चांगुणा रानात गेलेली. मिस्त्रीनं टेप लावला, मान हलवली आणि म्हणाला, "बारा बाय दहा. ध्यानात ठेवा, गेनबादादा. बारा बाय दहा. एवढं असलं की काम झालंच म्हणा."

मिस्त्री गेला. गेनबा विचार करत बसला. बारा बाय. म्हणजे बारा बाया. मग दहा कशाला? मग त्याच्या ध्यानात आलं. मिस्त्री समजूतदार माणूस. बारा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर दहा तरी पाहिजेतच.

तो उठला आणि घरोघर गेला. "बाय, आमच्या घरी या. शेवंतासाठी चाललंय."

शेवंताला दिवस गेलेत हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बायांना वाटलं, ओटी भरायची आहे. कुणी नारळ घेतला, कुणी तांदूळ, कुणी खण. अंबाडे घालून, लुगडी नेसून सगळ्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

गेनबानं मोजल्या. अकरा.

तो घोटाळ्यात पडला. "बारा न्हाईत," तो म्हणाला, "आणि दहाबी न्हाईत. एकीनं घरी जावा."

कुणी उठेना. ओटी भरायला आलेली बाई अशी कशी उठेल?

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन चांगुणा आली. दारात चपलांचा ढीग पाहून ती थबकली.

"शेवंता कुठाय गं?" एकीनं विचारलं.

"सासरी," चांगुणा म्हणाली. "तुम्ही कशा काय आलात?"

अकराच्या अकरा बायांनी गेनबाकडं बोट केलं.

त्या दिवशी शेळ्यांचं सगळं दूध चहात गेलं. बायांनी चहा घेतला, पोट धरधरून हसल्या, नारळ परत घेऊन घरी गेल्या. खण तेवढा एकीनं ठेवला, शेवंता आली की द्या म्हणून.

चांगुणा म्हणाली, "अवो, बाय म्हंजे बाई न्हवं. बारा फूट लांबी, धा फूट रुंदी. त्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि शेठला द्यायचं. एवढंच हाय. आता तरी नीट करा."

"क्षेत्रफळ काढायचं आणि शेठला द्यायचं," गेनबा म्हणाला. हे त्याला एकदम पटलं. यात काही कोडं नव्हतं.

क्षेत्र म्हणजे देवाचा डोंगर. गावापासून कोसभर. सकाळी आंघोळ करून तो अनवाणी डोंगर चढला. देवळाच्या अंगणात बेलाचं झाड होतं. गेनबानं पदर खोचल्यासारखं धोतर खोचलं, वर चढला आणि एक चांगलं भरदार बेलफळ काढलं.

गुरव धावत आला. "काय करताय वर?"

"क्षेत्रफळ काढतोय. घरात फरशी घालायची हाय."

गुरवानं आजवर नवसाच्या पुष्कळ तऱ्हा पाहिल्या होत्या. ही नवीन होती. पण मागणं लेकीसाठी आहे असं कळल्यावर त्यानं फळाला अंगारा लावला आणि म्हणाला, "फरशी लाभू दे."

माणिकशेठच्या हातात फळ पडलं तेव्हा त्यांनी आधी ते कपाळाला लावलं. देवाच्या डोंगरावरचं म्हटल्यावर हात आपोआप वर गेला. मग विचारलं, "पण हे कशाबद्दल?"

"क्षेत्रफळ," गेनबा म्हणाला. "काढून आणलंय."

 माणिकशेठनी फळ गल्ल्याजवळ जपून ठेवलं, गेनबाचा हात धरला आणि त्याला वखारीच्या मागं नेलं. तिथं फरश्यांच्या थप्प्या होत्या. शेठ स्वतः खाली बसले. त्यांनी तीन फरश्या एका ओळीत मांडल्या. तिच्याखाली आणखी तीन मांडल्या.

"ही एक फरशी बघा. फूटभर लांब, फूटभर रुंद. अशी आडवी किती?"

"तीन."

"आणि ओळी किती?"

"दोन."

"तीन बाय दोन. एकूण किती झाल्या? मोजा."

गेनबानं बोट लावून मोजल्या. "सहा."

"तीन दुणे सहा. हेच क्षेत्रफळ. त्याला झाड लागत नाही आणि बायाही लागत नाहीत. आता तुमच्या खोलीत एका ओळीत बारा बसतील, आणि अशा दहा ओळी. म्हणून एकशे वीस फरश्या."

गेनबा त्या सहा फरश्यांकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या हातानं चार आणि चार मांडल्या. "चार बाय दोन. आठ."

"बरोबर."

"पाच बाय दोन. धा."

"बरोबर."

गेनबाला आयुष्यात लागोपाठ दोनदा कुणी बरोबर म्हटलं नव्हतं. त्याला तिथून उठवेना. संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून शेठनीच त्याला उठवलं. निघताना ते म्हणाले, "एकशे वीस लागतात, पण मी बारा जास्त पाठवतो. तुटफूट होतेच."

"होतीच?"

"होतेच."

त्या दिवसापासून गेनबा दिसेल त्याला गुणायला लागला. चांगुणानं विचारलं, किती भाकरी वाढू? तो म्हणाला, "दोन बाय तीन." तिनं दोन वाढल्या, तर तो सहाची वाट बघत बसला. एका व्यापाऱ्यानं वाटेत विचारलं, शेळ्या किती आहेत तुमच्या? गेनबानं मनात हिशेब केला. शेळ्या तीन, पाय चार. "बारा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी व्यापारी मोठा टेम्पो घेऊन दारात आला आणि तीन शेळ्यांकडं बघून टेम्पो घेऊन परत गेला.

चांगुणानं कपाळाला हात लावला. "अवो, भाकरीला गुणायचं न्हाई. शेळीला गुणायचं न्हाई. जे सपाट असतंय, लांब-रुंद असतंय, तेवढ्यालाच गुणायचं."

"सपाट असंल त्यालाच," गेनबा म्हणाला.

फरश्या आल्या. गेनबानं एकेक हातावर घेऊन, उलटून-पालटून उतरवली. एकही तुटलेली नव्हती. तो हिरमुसला. मिस्त्रीला म्हणाला, "शेठ म्हणाले तुटतात. ह्या तर धड हाईत. काय चुकलं असंल?"

"काही चुकलं न्हाई, दादा. माझ्या हातनंही तुटायच्या न्हाईत. उरल्या तर उरू द्या. घरात कुठंतरी लागतात."

दस्तगीर मिस्त्रीचा हात खरंच चांगला. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून, मागं सरकत सरकत, संध्याकाळी तो दारातून बाहेर आला तेव्हा खोली पाण्यासारखी सपाट दिसत होती. एकशे वीस बसल्या. बारा उरल्या.

"आजचा दिवस कुणाचा पाय पडू द्यायचा न्हाई," मिस्त्री म्हणाला.

गेनबा काठी घेऊन उंबऱ्याबाहेर बसला. कोंबडी आली, हाकलली. मांजर आलं, हाकललं. चांगुणा आली.

"सरका. मला फळीवरच्या ट्रंकेतनं लुगडं काढायचंय. सकाळी इहिणीकडं जायचंय."

"पाय पडू द्यायचा न्हाई."

"माझाबी?"

"कुणाचाबी म्हणालाय मिस्त्री."

चांगुणानं पुष्कळ समजावलं. मग ती रंगनाथच्या बायकोचं लुगडं मागून आणायला गेली. रात्री दोघं सोप्यात निजली. गेनबा दाराकडं तोंड करून निजला.

सकाळी मिस्त्री येऊन फरशीवर टाच मारून गेला. फरशी धरली होती. त्याला परगावी जायचं होतं, म्हणून सिमेंटचं पोतं गेनबापुढं ठेवून तो म्हणाला, "आता सांधे तेवढे भरायचे राहिलेत. सिमेंट कालवा आणि फट दिसंल तिथं भरा. एकही फट सोडू नका, दादा. फटीतनंच ओल येती, वारं येतं, इंचूकाटा येतो. बाळंतिणीची खोली हाय."

"एकबी फट सोडणार न्हाई," गेनबा म्हणाला. आणि या वेळी त्यानं ते नुसतं घोकलं नाही, मनावर घेतलं. इथं शेवंता निजणार होती. तिच्या कुशीला नातू किंवा नात असणार होती.

चांगुणाही निघाली. "दिवस मावळायच्या आत शेवंताला आणि इहिणीला घेऊन येते. त्या उरलेल्या फरश्या बाहेर ठेवू नका बरं. पाय फुटतील."

गेनबानं बाराच्या बारा फरश्या उचलून आत आणल्या. पाय कुठून फुटतात ते बघत जरा वेळ त्यांच्यासमोर बसला. काही फुटेना, तेव्हा कामाला लागला.

आणि काम त्यानं सुरेख केलं. एकेक सांधा बोटानं दाबून भरला, फडक्यानं पुसला. फरशी अशी एकसंध झाली की मुंगीलाही कुठं वाकून बघता येऊ नये. मग त्यानं मान वर केली. भिंतीला चिरा होत्या. त्या भरल्या. उंदराचं बीळ होतं. तेही भरलं. आढ्याखालची भोकं भरली. ट्रंकेच्या झाकणाखाली फट होती. ती भरली. सोप्यातनं आत आणलेल्या जात्याच्या वरच्या तळीला चांगलं मूठभर भोक होतं. दोन मुठी सिमेंट गेलं त्यात.

दुपार कलली. गेनबा कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभा राहिला. कुठं फट दिसेना. त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात पाठीला वारं लागलं.

तो वळला. आणि बघतच राहिला. एवढी मोठी फट. घर बांधल्यापासून इथंच असणार, आणि कुणाच्या ध्यानात आली नाही. ओल इथनंच येणार. वारं तर येतच होतं. विंचवाला तर वाकायचीही गरज नव्हती, सरळ चालत आला असता.

पण फट मोठी होती. नुसतं सिमेंट भरून भागणार नव्हतं. गेनबा विचारात पडला. फट सपाट होती. लांब होती, रुंद होती. त्यानं एक फरशी उचलून आडवी लावून बघितली. दोन बसत होत्या. मग खालून वर लावत गेला. सहा बसत होत्या.

"दोन बाय सहा," तो स्वतःशीच म्हणाला. "बारा."

त्यानं कोपऱ्यातल्या फरश्या मोजल्या. बारा.

त्यानं पुन्हा मोजल्या. बाराच. एक कमी नाही, एक जास्त नाही. गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्याचं काही ना काही उरायचं नाहीतर कमी पडायचं. हे पहिल्यांदा नेमकं जमलं होतं, आणि तेही कुणाला न विचारता. शेठनं बघायला पाहिजे होतं, असं त्याला वाटलं. त्यानं सिमेंट जरा घट्ट कालवलं आणि खालची ओळ मांडायला घेतली.

दिवस मावळायच्या आत बैलगाडी आली. चांगुणा पुढं उतरली. तिनं शेवंताला हात देऊन उतरवलं. मागनं विहीणबाई उतरल्या आणि पदर सारखा करून घराकडं वळल्या.

घराला दार नव्हतं. दाराच्या जागी फरशी होती. नीट, ओळंब्यात, सांधे भरलेली.

"अवो," चांगुणानं हाक मारली.

खिडकीच्या गजांमागं गेनबाचं तोंड दिसलं. नाकाला सिमेंट लागलं होतं. खिडकी तेवढी राहिली होती, कारण सिमेंट संपलं होतं.

"आलात?" तो म्हणाला. "हात लावू नका, अजून ओलं हाय. पण काम झालं. एक फट सोडली न्हाई. फरशीबी उरली न्हाई. दोन बाय सहा, बरोबर बारा."

शेवंतानं बापाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि पोटावर हात ठेवून ती गाडीच्या दांडीवर खाली बसली. हसण्यानं तिला बोलवेना. चांगुणाला मात्र हसूही येईना आणि रडूही येईना. ती विहिणीच्या तोंडाकडं बघत होती.

विहीणबाई खिडकीपाशी गेल्या. गज धरून त्यांनी आत डोकावून पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. हात आत घालून बोटांनी भिंत चाचपली. बराच वेळ बघत राहिल्या.

"कोरडी हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "वारं न्हाई, ओल न्हाई. अशी घट्ट खोली आमच्याकडंबी न्हाई. सून ठेवायला माझी काही हरकत न्हाई."

खिडकीतलं तोंड फुललं.

"पण इवाई," विहीणबाई म्हणाल्या, "तिनं आत यायचं कुठनं?"

गेनबानं दाराकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं. मग परत दाराकडं पाहिलं. 

"ते," गेनबा म्हणाला, "मला कुणी सांगितलं न्हाई."